पगार पंधरा हजार, हप्ता साडेबारा

मुलुंड पूर्वेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६. बीकेसीतल्या एका कंपनीच्या कस्टमर सर्व्हिसमध्ये १७ वर्षं झाली, हातात ५६ हजार पडतात. मुलुंड ते कुर्ला लोकल, पुढे शेअर रिक्षा, रोज. गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. त्या लिहितात, "संध्याकाळी गाडीत कशीबशी उभी असते, तेवढ्यात टीमच्या ग्रुपवर दिवसभराच्या आकड्यांची यादी येते. माझं नाव लाल रंगात असलं की कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत छातीत धडधडतं."

मिस्टर भांडुपला नोकरीला, त्यांचे ३४ हजार. मुलगी बारावीत. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. महिन्याचा खर्च ४६ हजार. ताईंना आता घराजवळची, डोक्याला ताप नसलेली नोकरी हवी आहे, पगार किमान वेतनाइतका असला तरी चालेल. तीन ठिकाणी विचारूनही ठेवलंय: वाचनालय (११ हजार, रोख), साड्यांचं दुकान (इन्सेंटिव्ह धरून १७ हजार) आणि एका मेडिकल साखळीच्या शाखेत बिलिंग काउंटर (१५,५००, पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे कामगार विम्यासकट). प्रश्न असा की यातलं काय झेपेल आणि एवढ्यात भागेल का.

भागेल. पण ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलंय, त्यानं माझी झोप उडवली. "बचतीची काळजी नाही. मावसबहिणीचा मुलगा बँकेत आहे, त्याने दोन वर्षांपूर्वी गॅरंटीड इन्कमचा प्लॅन दिला. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं. पहिल्या हप्त्यापासून बारा वर्षांनी दरवर्षी २ लाख ४० हजार, दहा वर्षं मिळणार. १६ टक्के पडतात. नोकरी सोडल्यावर पीएफचे साडेअकरा लाख काढायचे आणि त्यातून उरलेले हप्ते भरायचे, असं त्यानेच सुचवलंय."

हे १६ टक्के कुठून आले ते आधी बघू. तुम्ही एकूण भरणार १५ लाख, वर्षाला मिळणार २.४ लाख, २.४ भागिले १५, झाले १६ टक्के. हा भागाकार करणाऱ्याला मी शाळेत परत बसवला असता. मुद्दल परत मिळत नाही, तेच दहा तुकडे करून तुम्हाला देतात, आणि मधली बारा वर्षं हिशेबातच धरलेली नाहीत.

खरा हिशेब एका ओळीचा आहे. दहा हप्ते भरायचे, दहा हप्ते घ्यायचे, आणि प्रत्येकात अंतर बारा वर्षांचं. म्हणजे आज दिलेले दीड लाख बारा वर्षांनी २.४ लाख होऊन येतात, १.६ पट. ६ टक्क्यांनी पैसा बारा वर्षांत दुप्पट होतो, हे ७२ च्या नियमाने (७२ भागिले व्याजदर, तेवढ्या वर्षांत दुप्पट) तोंडी सांगता येतं. इथे दुप्पटही होत नाही. व्याज पडतं ४ टक्के.

आणि हे चार टक्के मिळवायला तुम्ही पैसे काढणार कुठून, तर पीएफमधून. त्यावर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज होतं. या दराने बारा वर्षांत २.६ पट होतात. तुमचं वय ४६, बारा वर्षांनी ५८. साडेअकरा लाखांना हात न लावता बसलात तर ५८ व्या वर्षी ३० लाखांच्या घरात. दर घसरून साडेसात झाला तरी २७. नवीन नोकरीत पीएफ कापला नाही, तरी जुन्या रकमेवर ५८ पर्यंत व्याज चालू राहतं. "पीएफ नुसता पडून आहे" असं त्या मुलाने सांगितलं असेल तर त्याला म्हणावं, पडू दे. बरं, उरलेले हप्ते आठ, म्हणजे १२ लाख. पीएफ सगळा रिकामा करूनही वर पन्नास हजार पदरचे घालायचे!

मुलगा घरचा आहे, वाईट नसणार. बँकेत त्यालाही कुणीतरी संध्याकाळी लाल रंगात दाखवत असेल. पण म्हणून त्याच्या टार्गेटचा भार तुमच्या पीएफने का उचलायचा?

आता महिन्याचं गणित. मेडिकलमधले १५,५००; त्यातून पीएफ १२ टक्के आणि ईएसआयसीचे पाऊण टक्का वजा, हातात साडेतेरा हजार. महाराष्ट्रात बाईमाणसाला २५ हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तो तुमचा सुटला. मिस्टरांचे ३४ धरून साडेसत्तेचाळीस. खर्च ४६, पण त्यातले पास, रिक्षा, बाहेरचं खाणं मिळून चारेक हजार आपोआप कमी होतील. उरतात साडेपाच हजार. त्यात दीड लाखाचा हप्ता घाला, महिन्याला साडेबारा. सात हजारांचा खड्डा. तुम्हाला वाटतंय पगार कमी झाल्याने ओढाताण होईल. ती होणार आहे या हप्त्याने.

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. दोन हप्ते भरले असल्याने पॉलिसी पेड-अप करता येईल, म्हणजे पुढचे हप्ते बंद, आणि भरलेल्यांच्या प्रमाणात कमी रक्कम ठरल्या वेळी मिळणार. विमा कंपनीला (बँकेला नव्हे, आणि भाच्याला तर नव्हेच) ईमेल करून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली (मोडून पैसे परत घेतले) तर किती, आणि पेड-अप केली तर बाराव्या वर्षापासून किती. पेड-अपमध्ये साधारण दहातले दोन हप्ते या प्रमाणात मिळतं, म्हणजे वर्षाला ४८ हजारांच्या आसपास. सरेंडरचे लाख-सव्वा लाखच देत असतील तर पेड-अप करून विसरून जा. पावणेदोन लाखांच्या वर देत असतील तर घेऊन मोकळ्या व्हा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी लवकर सोडणाऱ्याला आधीपेक्षा बरी रक्कम मिळते, त्यामुळे पॉलिसी त्या तारखेच्या आधीची की नंतरची हे बाँडवर बघा. काही पैसे बुडतील. ते दोन वर्षांपूर्वीच बुडालेत, आता फक्त पावती मिळेल.

दुसरी आशा तुम्ही लिहिली आहे सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची, बिल्डर सभासदांना देतो त्या एकरकमी पैशाची (कॉर्पस): "कॉर्पसचे आठ-दहा लाख येतीलच." ७९-अ ची (रिडेव्हलपमेंटच्या सरकारी नियमांची) प्रक्रिया कुठवर आली? बिल्डर नेमला? करार नोंदला? पत्रात फक्त "बोलणी चालू आहेत" असं आहे. मुलुंडमध्ये बोलणी चालू नसलेली जुनी बिल्डिंग मला अजून दिसलेली नाही. आणि उद्या खरोखर टॉवर झाला, तर लिफ्ट, पार्किंग, जनरेटर, वॉचमन यांच्यासकट मेंटेनन्स आजच्या दुप्पट-तिप्पट येईल. कॉर्पस खरं तर त्यासाठीच असतो. तो आजच्या हिशेबात शून्य धरा.

जे तुम्ही धरलंच नाही, ते मात्र नक्की मिळणार आहे: ग्रॅच्युइटी. तुमचा बेसिक २६ हजार लिहिलाय. २६ हजारांचे १५/२६, म्हणजे वर्षाला १५ हजार, गुणिले १७. अडीच लाखांच्या वर, करमुक्त. हे एफडीत ठेवा. पाच-सहा महिन्यांचा घरखर्च आहे तो, पॉलिसीवाल्याच्या नजरेला पडू देऊ नका.

आजारपणाचं काय, हे पत्रात कुठेच नाही. मिस्टरांच्या कंपनीत मेडिक्लेम नाही, म्हणजे तिघांचं कव्हर तुमच्या नोकरीला टांगलेलं आहे आणि शेवटच्या दिवशी ते संपेल. गंमत अशी की ५६ हजारांच्या नोकरीत तुम्हाला ईएसआयसी मिळत नव्हतं, १५,५०० च्या नोकरीत मिळेल, कारण मर्यादा २१ हजारांची आहे. नोकरी लागल्या दिवसापासून तुम्ही, मिस्टर आणि अविवाहित मुलगी त्यात येता. मुलुंडला कामगार हॉस्पिटल आहेच. गर्दी असते, केसपेपरची रांग असते, ते खरं. म्हणून बाहेरचा पाच लाखांचा फॅमिली फ्लोटरही (सगळ्या घराचा मिळून एक आरोग्य विमा) घ्या. महिन्याला दोनेक हजार धरा, बीपीमुळे थोडं वर-खाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही. राजीनामा देण्याआधी एचआरला विचारा, ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तसं झालं तर बीपीची प्रतीक्षा मुदत (जेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही ती) पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागत नाही. प्रपोजल फॉर्मवर बीपीची गोळी लिहा. लपवलीत तर क्लेमच्या वेळी ती गोळी कुणीतरी शोधून काढेलच.

आता तुम्ही विचारलेलं. साड्यांचं दुकान नको. लग्नसराईत आणि दिवाळीत रात्री साडेनऊपर्यंत उभं राहायचं, घड्या मोडायच्या, घड्या घालायच्या, आणि इन्सेंटिव्ह म्हणजे पुन्हा आकडेच. ग्रुपऐवजी ते मालक गल्ल्यावरून बोलून दाखवेल. वाचनालय मलाही मोहात पाडतं. पण रोख ११ हजार, ना पीएफ, ना ईएसआयसी. सरकारी किमान वेतनात मूळ पगाराबरोबर विशेष भत्ता असतो, तो महागाईप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बदलतो. रोख पगार देणारे हा भत्ता वाढवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मेडिकल घ्या, पण हो म्हणण्याआधी तिथे काम करणाऱ्या मुलीला गाठा. रात्री हिशेबात तूट आली तर कोण भरतं? माझे एक क्लायंट निवृत्तीनंतर अशाच एका काउंटरवर बसले. महिनाअखेर पगारातून साडेसातशे कापले, का तर दोनशेच्या नोटा मोजताना कुणाची तरी चूक. बीपी घरी होतं तेवढंच दुकानात आलं. दुसरं, रात्रपाळी किती वेळा आणि शटर कोण ओढतं. तिसरं, पीएफ कोणत्या रकमेवर कापतात. बेसिक आठ हजार दाखवून बाकी भत्त्यात टाकत असतील तर तुमच्या ईपीएसला (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेला) मार बसतो, कारण पेन्शन शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर ठरते, कमाल १५ हजार धरून. आजवरच्या नोकरीची पेन्शन तीन हजारांच्या आसपास बसते. पूर्ण १५ हजारांवर आणखी बारा वर्षं भरलीत तर साडेपाच हजारांच्या वर जाईल. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच द्या, नवा काढू देऊ नका.

औषधं द्यायची जबाबदारी फार्मासिस्टची असते. तुम्ही बिलिंगलाच राहणार ना, तेही स्पष्ट करून घ्या. आणि शिल्लक रजा असेल तर राजीनाम्याआधी आठ दिवस टाकून संध्याकाळी सात ते नऊ त्या दुकानाबाहेर जरा थांबून बघा, डॉक्टरांच्या ओपीडी सुटतात ती वेळ.

पुढच्या हप्त्याची तारीख पत्रात नाही. खात्यातून आपोआप कापला जात असेल तर ते मँडेट आधी बंद करा, मग ईमेल.