पायलट व्हायचंय, मग डिग्री कुठली?

भावा, आधी एक गाठ सोडवू. कमर्शियल पायलट लायसन्सला डिग्री लागत नाही. लागतं ते बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स. आपल्या बेळगावकडच्या भाषेत, पीयूसी सायन्स. कॉमर्स झालं असेल तरी हरकत नाही, ओपन स्कूलमधून हे दोन विषय देता येतात.

पण कॉलेजच्या फॉर्मआधी मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी कर. ती दोन टप्प्यांत होते: आधी क्लास टू, मग जास्त कडक क्लास वन. चष्मा सहसा आड येत नाही. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र गाडी तिथंच अडते. निपाणी-खानापूरकडची पोरं शेतावर कर्ज काढून फ्लाइंगची फी भरतात आणि मेडिकलचं नंतर बघतात. हे उलटं आहे.

आता डिग्री. ती हवीच, कारण नोकरी लगेच मिळेल याचा भरवसा नाही. विमान बाजूला ठेवलं तरी पोट भरेल अशी घे. बीई करायची तर इंजिनिअरिंगची आवड असेल तरच. सेमिस्टर आणि फ्लाइंग एकत्र ओढणं जड जातं. बीएस्सी फिजिक्स चांगली, दूरशिक्षणातून बीकॉमही चालेल. ‘एव्हिएशन’ नावाच्या डिग्रीला भुलू नकोस, बऱ्याचदा ती विमानतळावरच्या कामाची असते, त्यात लायसन्सला लागणारं २०० तासांचं उड्डाण नसतं.

एअर फोर्सचा विचार असेल तर हिशेब वेगळा: बारावीनंतर एनडीएची परीक्षा, नाहीतर ६० टक्क्यांची पदवी घेऊन एएफकॅट ही एअर फोर्सची प्रवेश परीक्षा.

इंग्रजी बोलायची सवय आजपासून लाव. रेडिओवर सगळं त्यातच चालतं. लायसन्स देणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेच्या पेपरांचं पुढं बघू.