जुन्या क्वाड बाइकच्या प्लास्टिकवरचे ओरखडे: रंगाचा डबा उघडण्यापूर्वी

आपण विचारले आहे की, वापरलेली क्वाड बाइक (कच्च्या रस्त्यांवर चालवायची चारचाकी मोटरसायकल) घेतली, इंजिन उत्तम आहे, परंतु लाल मडगार्डांवर झुडपांचे असंख्य ओरखडे आहेत, वरचा भाग उन्हाने फिका पडून पांढुरका दिसतो आणि एका कोपऱ्यात दुमडल्यासारखा पांढरा पट्टा आहे. तेव्हा सगळे घासून स्प्रेने रंगवून टाकावे का? माझे उत्तर आहे की, रंगवू नये, निदान पहिला उपाय म्हणून तरी नाही. अशाच एका जुन्या गाडीवर मी नेमके तेच केले होते. प्रायमर मारला, रंगाचे तीन हात दिले, गाडी आठवडाभर देखणी दिसली, आणि पहिल्याच चिखलाच्या फेरीनंतर पाण्याच्या प्रेशरने धुताना टाकीलगतच्या भागावरचा रंग वाळलेल्या सालीसारखा पापुद्र्यांनी निघून आला. त्यानंतर उरलेला रंग काढण्यात जेवढे दिवस गेले तेवढ्यात मूळ प्लास्टिक दोनदा साफ करून झाले असते.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे सारे काम सोपे होते. बहुतेक क्वाड बाइकची मडगार्डे पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या लवचीक प्लास्टिकची असतात आणि त्यांचा रंग वरून दिलेला नसून साच्यात ओततानाच प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो. ही दोन्ही प्लास्टिके मेणासारखी असतात. त्यांना काहीही सहजासहजी चिकटत नाही, मग तो रंग असो, गोंद असो किंवा गॅरेजमध्ये पत्र्यावर भरतात ती लांबी (पुट्टी) असो. उलट बाजूने पाहिले तर हाच त्यांचा मोठा गुण आहे, कारण रंग आरपार असल्यामुळे वरचा खराब थर काढून टाकला की खाली तोच लाल रंग ताजा मिळतो. म्हणजे येथे काही चढवायचे नाही, उतरवायचे आहे.

आपले प्लास्टिक त्यातलेच आहे का, हे मात्र आधी पाहून घ्यावे. पॅनेल उलटे करून आतल्या बाजूला कोनदार कंसांमध्ये कोरलेली खूण शोधावी: पीई (पॉलिइथिलीन), पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस (अधिक कडक असे वेगळे प्लास्टिक). खूण सापडली नाही तर आतल्या कडेवरून ब्लेडने नखाएवढी कपची काढून साबणाच्या पाण्यात बुडवून सोडावी. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे वर येतात, एबीएस तळाशी जाते. साबण यासाठी की, साध्या पाण्यात एवढीशी कपची पृष्ठताणावर तरंगून आपल्याला फसवू शकते. कपची बुडाली किंवा ओरखड्याच्या तळाशी वेगळाच रंग दिसला, तर आपले पॅनेल एबीएसचे किंवा रंगवलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग ते मोटारीच्या बंपरप्रमाणे प्रायमर व रंगानेच दुरुस्त करावे लागेल. झाडापानांच्या नक्षीचा पातळ थर असलेली पॅनेलेही घासू नयेत, कारण तो थर गेला की नक्षी गेली.

दुसरी तपासणी मला सर्वांत जास्त आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. स्वच्छ पुसलेल्या ओरखड्यावर ओले बोट फिरवावे. ओरखडा ओला असताना नाहीसा झाला आणि वाळताच पुन्हा पांढरा दिसू लागला, तर तो वरवरचा आहे. त्याचा पांढरेपणा हा रंग गेल्याचा नसून खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरल्याचा आहे, आणि तो हमखास निघतो. ओला असतानाही दिसत राहिला आणि त्यात नख अडकले, तर तो खोल आहे. मडगार्डाची जाडी काही मिलीमीटरच असते, त्यामुळे अशा ओरखड्याच्या तळापर्यंत घासत गेल्यास तेथे खळगा पडतो आणि तो ओरखड्यापेक्षा वाईट दिसतो. खोल ओरखड्याच्या फक्त कडा मऊ कराव्यात आणि त्याला राहू द्यावे.

काम सुरू करताना पॅनेल गाडीवरून काढूनच घ्यावे. पुढे हीट गन (अतिशय गरम हवा सोडणारे यंत्र) वापरायची आहे आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ती चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून पृष्ठभागालगत मागे दुमडत हळूहळू ओढले की निघतात. नंतर साबणाने आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पॅनेल दोनदा धुवावे. आधीच्या मालकाने चकाकीसाठी सिलिकोनचा स्प्रे मारलेला असतोच असे समजून चालावे. वापरलेल्या गाड्या विकताना त्यांच्यावर अशीच उसनी चमक चढवलेली असते.

आता मुख्य काम. बहुतेक लोक येथे थेट पॉलिश पेपर हातात घेतात आणि निराश होतात, कारण पॉलिइथिलीन घासले की त्याची भुकटी होत नाही, त्याला कापडासारखी लव सुटते. म्हणून आधी खरवडावे. कटरची नवी, रुंद पात दोन्ही हातांच्या बोटांत पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात धरावी, किंचित आपल्याकडे कलवावी आणि हलक्या दाबाने आपल्या दिशेने ओढावी. पात कापत नाही, खरवडते. बरोबर जमले की पातीपुढे केसासारख्या बारीक कुरळ्या कपच्या निघू लागतात. पहिल्या एक-दोन ओढींत त्या पांढुरक्या असतात, आणि मग एकाएकी लाल येऊ लागतात. लाल कपची दिसली की उन्हाने मेलेला थर संपला असे समजावे आणि पुढे सरकावे. पातीचे टोक रुतू नये म्हणून तिचे दोन्ही कोपरे आधीच कानशीने गोल करून घ्यावेत; हे न केल्यामुळे मी एका पॅनेलवर होते त्यापेक्षा जास्त चरे पाडले आहेत. हातमोजे घालावेत, आणि पात बोथट वाटताच बदलावी.

खरवडून झाल्यावर वॉटर पेपर घ्यावा आणि तो नावाप्रमाणे पाण्यातच चालवावा, म्हणजे प्लास्टिक तापत नाही आणि भुकटी उडून फुप्फुसात जात नाही. पातीच्या खुणा ठळक असतील तर 320 नंबरच्या कागदापासून (नंबर मोठा तेवढा कागद बारीक), नसतील तर 400 पासून सुरुवात करून 600, 800 आणि 1000 पर्यंत जावे. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेषा गेल्या की नाहीत ते दिसते. 400 ची रेषा 1000 ने निघत नाही. घाई केलेली पायरी शेवटी उन्हात उघडी पडतेच. 2000 पर्यंत जाणारेही आहेत, परंतु पॉलिइथिलीनला काचेसारखी चमक मुळातच नसते, तेव्हा तेथवर जाण्याची मेहनत मला वाया गेल्यासारखी वाटते. मशीन वापरू नये, कारण वेगाने घासल्यास पृष्ठभाग वितळून त्याच्या गुठळ्या होतात. आणि ज्या भागावर कारखान्यातूनच दाणेदार पोत आलेला आहे, तेथे पात किंवा कागद लावू नये. तो पोत एकदा गेला की परत आणता येत नाही.

घासून झाल्यावर पॅनेल एकसारखे पण मंद दिसते. चमक येते ती उष्णतेने. पॉलिइथिलीनचा जाड प्रकार साधारण 130 अंश सेल्सिअसला वितळतो आणि हीट गनची हवा त्याच्या दुप्पट-तिप्पट तापलेली असते, म्हणून गन वीतभर अंतरावरून सुरू करून सतत फिरती ठेवावी आणि थोडी थोडी जवळ आणावी. एका क्षणी पृष्ठभाग ओला झाल्यासारखा दिसतो, रंग गडद होतो आणि उरलेली लव आत मिटून जाते. तो क्षण दिसला की पुढे जावे. आणखी दोन सेकंद थांबण्याचा मोह टाळावा. पातळ कडा आणि बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग आधी तापतो, तेथे विशेष जपावे. माझ्या एका मडगार्डाची कड अशीच लाटेसारखी झाली, आणि ती गरम असताना दोन फळ्यांमध्ये दाबून सरळ करण्याचा प्रयत्न अर्धाच यशस्वी झाला. सराव आतल्या बाजूवर करावा.

आपल्या पॅनेलवरचा दुमडीचा पांढरा पट्टा हा ओरखडा नव्हे. प्लास्टिक वाकताना ताणले गेले की त्याच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्या पांढऱ्या दिसतात. त्या जाडीभर असल्यामुळे घासून कधीच जात नाहीत. उष्णतेने मात्र ताण सैल होऊन पट्टा बराच फिकट होतो, कधी पूर्ण जातो. तेथे आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंनी सावकाश उष्णता द्यावी.

एक सावधगिरी: खरवडण्याची पायरी टाळून फिक्या प्लास्टिकवर नुसती हीट गन फिरवली तरी रंग जादूसारखा परततो, पण तो टिकत नाही, कारण उन्हाने खराब झालेला थर जागेवरच असतो. जवसाचे उकळलेले तेल किंवा तत्सम तेलकट उपायांचेही तेच. पाऊस आणि धूळ त्यांना लवकर उतरवतात. तरीही जवसाचे तेल वापरणार असाल तर त्याची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. मोकळ्या जागेत पसरून वाळवा.

कोठे तडा असेल तर गोंदाच्या नादी लागू नये. तड्याच्या टोकाला तीन मिलीमीटरचे भोक पाडले की तो पुढे सरकत नाही. मग आतून त्याच जातीच्या प्लास्टिकच्या सळीने वेल्डिंग करावे. पीईला पीईच आणि पीपीला पीपीच, एकाचा जोड दुसऱ्याला बसत नाही.

पॅनेल परत बसवताना सर्व बोल्ट आधी सैल लावून मगच एकेक आवळावेत, तेही वॉशरसह आणि बेताने. हे प्लास्टिक उन्हात बरेच प्रसरण पावते आणि म्हणूनच त्याची भोके बोल्टपेक्षा मोठी ठेवलेली असतात. करकचून आवळलेल्या बोल्टभोवती पांढरे कडे उमटलेले दिसले की पुढचा तडा तेथूनच जाणार.