उन्हाळ्यात घरच्या बागेत पक्षी आणि कीटक बघायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला बागेतले पक्षी-कीटक दाखवायचे आहेत, तर आधी दुर्बीण घ्यावी की कॅमेरा. माझं ऐकाल तर इतक्यात काहीच घेऊ नका. बागेत कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर त्याच्यापासून चार हातांवर स्टूल टाका आणि दोघं रोज सकाळी अर्धा तास तिथेच बसा. पक्षी शोधत बागभर फिरलात तर ते उडूनच जातात. किडे कुठे आहेत ते कळलं की पक्षी कुठे येणार तेही कळतं.

सांगलीतल्या आमच्या घरामागे जेमतेम दहा फुटांचं परस आहे. त्यात कढीपत्ता, लिंबू, अंजीर आणि दोन जास्वंदी. एका उन्हाळ्यात कढीपत्त्याची कोवळी पानं कुरतडलेली दिसली म्हणून मी औषध फवारलं. अळ्या गेल्या, पण रोज त्या झाडावर उड्या मारणारा शिंपी पक्षीही यायचा थांबला. त्याची पिल्लं अळ्यांवर वाढतात हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून परसात फवारणी बंद.

कढीपत्त्यावर काय बघायचं ते सांगतो. लिंबाळी नावाचं काळं-पिवळं फुलपाखरू कोवळ्या पानावर क्षणभर टेकून मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं अंडं घालतं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे वळत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होऊन पानांत मिसळून जाते. मुलीला गवताच्या काडीने तिला हलकेच स्पर्श करू द्या. डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच करा, अळीला उगाच छळू नका. पुढे कोष होतो, तो एका बारीक धाग्याने फांदीला बांधलेला असतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे सुट्टीत सगळं बघून होईल.

फुलपाखरं ऊन चढल्यावर, नऊनंतर येतात. दयाळ पक्षी ऐकायचा असेल तर मात्र उजाडायच्या आधी उठायला हवं. भर दुपारी सगळं चिडीचूप असताना एकटा तांबट ‘टुक टुक टुक’ करत राहतो. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा. बोलताना मान इकडेतिकडे फिरवतो, म्हणून आवाज कुठून येतोय ते पटकन कळत नाही.

शिंपी आमच्याकडे अंजिराच्या पानांत घरटं करतो. पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यातून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवतो, की झाली पिशवी तयार. तुम्हाला असं घरटं सापडलं तर लांबूनच बघा आणि पानं बाजूला सारून फोटो काढू नका. तुम्ही जिथे सारखे जाता त्या जागेवर कावळ्याची नजर असते.

खिडकीच्या चौकटीत मातीचा बोराएवढा माठ दिसला तर तो कुंभारीण माशीचा. पाडू नका. ती आत एका धाग्याला अंडं टांगते, डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. तिच्या खेपा मोजणं हा आमच्या घरातल्या मुलांचा दुपारचा आवडता उद्योग आहे.

पाण्यासाठी कुंभाराकडून मातीचा पसरट परळ आणा. दोन बोटं पाणी पुरे. मधे एक दगड ठेवा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदला आणि काथ्याने घासा, डास होत नाहीत. पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडी टाकून धापा टाकत अंग थंड करतात, म्हणून दुपारी एकच्या सुमारास परळ भरलेला असायलाच हवा. मांजर लपून बसेल अशा कुंडीजवळ ठेवू नका.

दुर्बीण पुढे घ्यालच. दुकानात एवढंच विचारा की किती जवळचं स्पष्ट दिसतं. दोन मीटरच्या आतलं दिसत असेल तर फुलपाखरंही तिच्यातून बघता येतील.

परळ आजच ठेवा. पहिले तीन-चार दिवस कोणी फिरकलं नाही तरी जागा बदलू नका. आमच्याकडे सगळ्यात आधी लालबुड्या बुलबुलांची जोडी आली, आणि त्यांच्यामागोमाग सातभाईंचा अख्खा थवा.