रेडिओ निर्मितीत करिअर : चोपड्याच्या ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, बी.ए. झालंय, "आवाज गोड आहे, रेडिओत जा" असं सगळे म्हणतात, तर घरच्यांशी भांडून पुणं-मुंबई गाठू का, असं तुम्ही विचारलंय. आधी नैमित्तिक (म्हणजे गरजेपुरतं बोलावलं जाणारा, कायम नसलेला) म्हणून आणि आता स्वतंत्रपणे बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आवाजाचं कौतुक आधी बाजूला ठेवा. उद्घोषक वेगळा, निर्माता वेगळा. निर्माता माणूस हुडकतो, त्याला बोलतं करतो आणि तासाभराच्या बोलण्यातली सहा-सात मिनिटं ठेवून बाकीचं कापून टाकतो. श्रोत्याला निर्मात्याचा स्वतःचा आवाज ऐकूही येत नाही बऱ्याचदा. हे चालणार असेल तर पुढे वाचा.

नोकरीचं म्हणाल तर आकाशवाणी १९९७ पासून प्रसार भारतीकडे आहे आणि कायम पदांची भरती वर्षानुवर्षं निघत नाही. तिच्या भरवशावर बसू नका. जळगाव केंद्रासारख्या ठिकाणी शिरकाव होतो तो नैमित्तिक म्हणून : लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी. पास झालात तरी महिन्याला मोजक्या ड्यूट्या, त्यावर घर चालत नाही. तरीही परीक्षा द्याच. घड्याळाच्या काट्यावर बोलणं आणि कोरं सेकंद न सोडणं तिथेच अंगवळणी पडतं. खासगी एफएमवर गाणी नि जाहिराती. स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना परवानगीच नाही, त्यामुळे रूपक-बिपक (खऱ्या माणसांच्या बोलण्यातून आणि आवाजांतून रचलेला कार्यक्रम) विसरा. २००६ च्या धोरणानंतर सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो. ट्रान्समीटर छोटा, पल्ला पाच-पंचवीस गावांचा, आणि निम्मे कार्यक्रम तरी तिथेच तयार झालेले हवेत. साताऱ्यातल्या म्हसवडचा 'माणदेशी तरंग' एकदा ऐका, आपल्याकडे काय होऊ शकतं त्याचा अंदाज येईल.

मग पुण्याला जायचं का? शिकायला वर्षभर जा हवं तर. पण पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायचे कामाचे नमुने, इथे खानदेशातच करा. पुण्यात रेकॉर्डर घेऊन फिरणारी पोरं पोत्यानं आहेत, पण आपल्या खानदेशी देवीच्या, कानबाईच्या रात्री बायकांमध्ये बसून गाणी टिपणारी किती? नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. डीजे सुरू झाला की रेकॉर्डिंग संपलं समजा, म्हणून रोट (नैवेद्याच्या पोळ्या) रांधले जातात त्या वेळी स्वयंपाकघरात जा. गाण्याइतकंच तव्याचं, बांगड्यांचं, "अगं ते कडवं तसं नाही" या भांडणाचं मोल आहे. अख्खाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके, रावेर-यावलकडे केळीची गाडी भरताना चालणारी ओरडाओरड, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोड्यांचा सौदा... विषयांचा तोटा नाही.

यात तुमची खरी कमाई म्हणजे अहिराणी, आपली खानदेशी बोली. शुद्ध मराठीत प्रश्न विचारला की म्हातारी माणसं तलाठ्यासमोर उभी राहिल्यासारखी उत्तरं देतात : "होय साहेब, आमच्या काळी फार कष्ट होते." एका आजींना मी "केळीच्या शेतीत महिलांचं योगदान काय?" असा प्रश्न टाकला असता तर एवढंच मिळालं असतं. त्याऐवजी "कसं काय शे, माय? घड कोन वाहे?" (कसं काय आहे, घड कोण वाहायचं?) म्हटलं, तर खांद्यावर पडलेल्या केळीच्या चिकाचे डाग आणि ते न निघाल्यामुळे लग्नाला नेसायचं लुगडं कसं वेगळं जपलं, इथवर त्या गेल्या. ते लुगडं मी संपादनात पहिल्या मिनिटात आणलं. निवेदन मात्र सोप्या मराठीत ठेवा, म्हणजे नगरचा-कोल्हापूरचा माणूसही टिकून राहतो. बोलणाऱ्याची अहिराणी पूर्ण भाषांतरित करत बसू नका, आधी-नंतर एक वाक्य पुरतं.

सामान फार लागत नाही. साधा हँडी रेकॉर्डर, वाऱ्यासाठी माइकवर फर, आणि हेडफोन. हेडफोनशिवाय रेकॉर्डिंग करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, सरळ सांगतो. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत. पंखा बंद करायला सांगा; मे महिन्यात जळगावात हे सांगायला धीर लागतो, पण सांगा. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपून ठेवा, काप जोडताना तीच लागते. संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवातीला तेवढं बास.

पैशाचं : पहिली काही वर्षं शिकवणी, भाषांतर, लग्नाचं निवेदन, काहीतरी जोडीला ठेवा. घरच्यांनाही हेच सांगा, निम्मं भांडण मिटेल.

येत्या महिन्यात पाच मिनिटांचं एकच रूपक करा, एकच माणूस, एकच काम. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांचं नाव, गाव आणि "हे लोकांना ऐकवलं तर चालेल" ही परवानगी त्यांच्याच आवाजात घ्या. गाणं असेल तर ते कुणाकडून शिकलं तेही विचारा. फाइलला 'नवीन १' असलं नाव न देता तारीख नि गाव लिहा, दोन ठिकाणी साठवा, आणि तयार झालं की लिंक इथेच टाका. ऐकून कुठे कापायचं ते सांगतो.