१२.९ चे बोल्ट झिंक करण्याआधी

भाऊ, जळगाव एमआयडीसीत झिंक प्लेटिंग (विजेने जस्ताचा थर चढवणं) सुरू करताय, मस्त! बोल्टवरचा आकडा म्हणजे ताकदीचा दर्जा; आकडा मोठा तितका बोल्ट मजबूत. ८.८ चे बोल्ट सहसा रडवत नाहीत, जपायचं १०.९ ला, आणि १२.९ ला तर फारच. गंज काढायच्या ॲसिडात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बोल्ट चकचकीत दिसतो, कसतानाही टिकतो. मग काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, ताणाखाली अचानक डोकं उडतं.

नवखे इथे चुकतात:
- गंज जाईना म्हणून ॲसिडात जास्त वेळ ठेवतात. त्यापेक्षा शॉट ब्लास्टिंग करा.
- बेकिंग (शिरलेला हायड्रोजन घालवायला भट्टीत तापवणं) उद्यावर ढकलतात. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल २०० अंशांच्या आसपास भट्टीत हवा, तोही कित्येक तास. (आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन पुरत नाही!) पॅसिव्हेशन (जस्ताला गंजापासून जपणारी रासायनिक प्रक्रिया) त्यानंतरच.

१२.९ साठी गिऱ्हाईक ऐकत असेल तर झिंक फ्लेकच (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा लेप, विजेच्या टाकीशिवाय) सुचवा.