कॉलेज फुटबॉलमध्ये ‘उरलेले टार्गेट’ म्हणजे नेमकी कोणती मुलं?

शाळेतल्या ज्या खेळाडूंना आपल्या संघात ओढायचा कॉलेजचा प्रयत्न अजून चालू असतो, ती मुलं. पण अजून कुणालाच होकार न दिलेली मुलं, एवढाच अर्थ धरू नका. (अमेरिकन फुटबॉल बरं का, आपला नव्हे.) तिथे तोंडी होकाराला साखरपुड्याइतकीही किंमत नसते; कॉलेजशी लेखी करारावर सही होईपर्यंत दुसरीकडे शब्द दिलेला मुलगाही यादीत राहतो.

ट्रॅव्हिस हंटरचंच घ्या. देशातल्या अव्वल मुलांपैकी एक, २०२० पासून फ्लोरिडा स्टेटला कबूल. १५ डिसेंबर २०२१ ला, ऐन सह्यांच्या दिवशी, पठ्ठ्याने जॅक्सन स्टेट निवडलं! खालच्या स्तरावर खेळणारं कॉलेज, पण प्रशिक्षक तेव्हा डिऑन सँडर्स, व्यावसायिक फुटबॉलमधला गाजलेला माजी खेळाडू.

म्हणून यादीत नुसते तारे (खेळाडूला दिलेला दर्जा) मोजू नका, शेवटच्या आठवड्यांत पोरगा कोणत्या कॉलेजांना भेट देऊन आला ते बघा. बहुतेक सह्या आता डिसेंबरातच उरकतात. फेब्रुवारीपर्यंत फारसं कोणी उरत नाही.