शेरशाहचा रुपया घेतोयस? आधी ठसे बघ
अरे भावा, एक्स्ट्रा ठसा दिसला की लगेच काउंटरमार्क, म्हणजे चालू नाण्यावर नंतर मारलेला अधिकृत ठसा, म्हणू नकोस, शेरशाह सूरीच्या चांदीच्या रुपयावर असतात ते बहुतेक सराफांचे ठसे, आत तांबं तर नाही ना हे बघायला मारलेले. काउंटरमार्क बहुतेक सरकारी असतो, जसं 1560 मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथनं आधीच्या राजा एडवर्डच्या हिणकस शिलिंगवर ग्रेहाउंड कुत्र्याचा ठसा मारून किंमत सव्वादोन पेन्सवर आणली, पण ते दुर्मिळ, आपल्या बजेटमधलं नाही. रुपया आधी काट्यावर टाक, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास हवा. मग भिंग लाव, ठशानं खालची अक्षरं कापलेली आणि मागं तेवढाच भाग चपटा असेल तर ठीक, ठशाच्या खोबणीत बारीक बुडबुडे दिसले तर साच्यात ओतलेला नकली माल, सोड. आणि घासून चमकवू नकोस बाबा! ठसे जास्त असतील तर बिनधास्त भाव पाडून माग.